बंधाऱ्याखालची तीन अंडी

"तिपाईचं ओझं आज तरी तू घे की रे!" संयोगिता वाटेतच उभी राहिली. "रोज मीच का?"

"कारण कॅमेरा माझ्या गळ्यात आहे," राजवीर मागे न बघता म्हणाला.

"ही लई न्यायाची वाटणी झाली!" कामिल हसला. "कॅमेरा गळ्यात, म्हणून तिपाई दुसऱ्याच्या खांद्यावर. आन् पाण्याची कळशी माझ्या डोक्यावर का न्हाय दिलीस?"

"द्यायची राहिलीच!" कामिलची धाकटी बहीण आफशीन सर्वांच्या पुढून ओरडली.

मे महिन्यातली सकाळ होती. सूर्य जेमतेम उसाच्या शेंड्यांवर आला होता, आणि तरीही पायाखालची माती आदल्या दिवसाची ऊब सोडायला तयार नव्हती. संयोगिताला खरे तर या सुट्टीत समुद्र बघायचा होता. शाळेच्या छायाचित्र मंडळाने 'किनाऱ्यावरील जीवन' असा विषय दिला होता, आणि कोल्हापूरहून कोकणात उतरून खेकडे, शंख, समुद्रपक्षी यांची छायाचित्रे काढायची, असे तिने व तिच्या चुलतभावाने, म्हणजे राजवीरने, मार्चपासून ठरवले होते. पण बाबांची रजा मंजूर झाली नाही. समुद्र रद्द झाला, आणि दोघांची रवानगी शिरोळ तालुक्यात, मळेवाडीच्या विजयसिंहकाकांकडे झाली.

"नदीलाही किनारा असतोच की," असे राजवीरने एस. टी. मध्ये बसल्या बसल्या सिद्ध करून दाखवले होते. त्याचा युक्तिवाद बिनतोड होता, यात शंका नाही. परंतु बिनतोड युक्तिवादाने उन्हाची झळ कमी होत नाही, हेही तितकेच खरे. रोज अंधुक उजेडात उठायचे, शेजारच्या कामिल-आफशीनला हाका मारायच्या, बांधाबांधाने कृष्णेच्या काठी जायचे, आणि टळटळीत उन्हात परत यायचे, या क्रमाने संयोगिता पार दमून गेली होती. ती रोज ठरवी, की उद्या काही आपण उठायचे नाही. आणि रोज उठे.

त्याला कारण होते. बंधाऱ्याखाली, नदीच्या मध्यभागी, उन्हाळ्यात उघडे पडणारे गोटे आणि वाळू यांचे एक बेट होते. तिथे नदी सुरय या पक्ष्यांनी अंडी घातली होती. राखाडी पाठ, डोक्यावर काळीकुळकुळीत टोपी, हळदीसारखी पिवळी चोच, तांबडे पाय आणि कात्रीसारखी दुभंगलेली शेपटी! घरटे म्हणजे वाळूतला नुसता खळगा. अंडी अशी, की शेजारच्या गोट्यांतून ओळखू येऊ नयेत. बेटावर पाऊल टाकायचे नाही आणि जे बघायचे ते बंधाऱ्यावरून, हा नियम चौघांनी पहिल्याच दिवशी केला होता, आणि तो आजवर मोडला नव्हता.

आफशीन सर्वांत आधी बंधाऱ्यावर पोहोचली. तिचा पुढचा शब्द नेहमीसारखा आरडाओरड्याचा नव्हता.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "बेट छोटं झालंय."

संयोगिताने तिपाई खाली टाकली. बेटाचा खालचा निम्मा भाग ओला होता. काल तिथे चार खळगे होते. आज एकही नव्हता. वाळू गुळगुळीत झाली होती, आणि तिच्यावर सुरयांची एक जोडी पुन्हा पुन्हा खाली येत, घिरट्या घालत, चिरक्या आवाजात ओरडत होती. माथ्यावरचे एकच घरटे तेवढे शाबूत होते. त्यातल्या तीन अंड्यांपासून पाण्याची ओली रेघ जेमतेम हातभर लांब होती.

राजवीरने कॅमेरा उचलला आणि तसाच खाली केला.

"पुन्हा पाणी आलं तर हेही जाणार," संयोगिता म्हणाली.

"पाणी आलंच कसं?" कामिलने कपाळाला आठ्या घातल्या. "पाऊस न्हाय, काय न्हाय!"

दुपारी जेवताना संयोगिताने तोच प्रश्न काकांना विचारला. विजयसिंहकाका उंचेपुरे, दांडगे गृहस्थ. गावात त्यांचा आवाज चार घरे ओलांडून ऐकू जाई. पण हल्ली ते जेवता जेवता पेंगत.

"वरनं धरणाचं पाणी सोडलं असंल," ते जांभई देत म्हणाले. "सोडत्यात की अधनंमधनं."

"तुमच्या हाताला काय झालं, काका?"

काकांनी भाकरीचा तुकडा अर्ध्यावर थांबवला. तळहातावर फोड आले होते; काही फुटले होते आणि त्यांवर हळद लावलेली होती.

"शेतात काम केलं की हुतंय असं! तुम्हा शहरातल्या पोरांस्नी काय कळायचं?" असे म्हणून त्यांनी हात आवरला, आणि पान तसेच टाकून पडवीत जाऊन आडवे झाले.

संयोगिताला ते उत्तर पटले नाही. नदीवर उपसाबंदी लागू होती. पंपांची वीज तोडलेली, पाटात पाण्याचा टिपूस नाही, आणि सगळे गाव हात जोडून पावसाची वाट बघत बसलेले. अशा दिवसांत शेतात हाताला फोड येण्याजोगे काम कोणते? पण प्रश्न डोक्यात तसाच ठेवून तीही झोपली. उन्हाळ्याच्या दुपारी शंका सुद्धा पेंगतात.

संध्याकाळी राजवीरने सगळी छायाचित्रे पुन्हा पाहायला काढली.

"हे बघ. परवाचा खंड्या. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायरीवर बसलाय. पायरीच्या खालची फट पाण्यात आहे. आणि हा आजचा. तीच पायरी, पण फट उघडी आणि तिच्याखाली आणखी एक पायरी दिसते."

"म्हणजे वरचं पाणी कमी झालं," कामिल म्हणाला.

"धरणातून पाणी सोडलं असतं तर?"

"तर आधी वर चढलं असतं!" संयोगिता ताडकन उठून बसली. इतक्या दिवसांत प्रथमच तिचा थकवा क्षणभर विसरला गेला. "पाणी धरणातून आलेलंच नाही. इथूनच सोडलंय. कुणीतरी बंधाऱ्याचे बरगे काढलेत!"

कोल्हापुरी बंधाऱ्याची रचना साधी असते. दगडी खांबांच्या मधल्या गाळ्यांत लोखंडी पत्रे, म्हणजे बरगे, एकावर एक बसवून पाणी अडवतात. चार माणसांनी आकडे लावून ओढले, की बरगा वर येतो आणि पाणी खाली धावते.

"उपसाबंदीत बरगे काढायचं म्हंजे गुन्हा हाय," कामिल कुजबुजला. "आन् काढून फायदा कुणाचा? खाली तर पाणी प्यायला कोण न्हाय."

दुसऱ्या दिवशी, तीन अंडी जागेवर आहेत एवढे बघून, ते बंधाऱ्यावर न थांबता खालच्या अंगाला गेले. मळेवाडीचा जुना घाट तिथे होता आणि घाटावर होड्या ठेवायची पत्र्याची शेड. आफशीन खडकांवरून उड्या मारत पुढे गेली आणि एकदम किंचाळली.

"कामिल! हळद-कुंकू! नारळ! लिंबू!"

पाण्यालगतच्या एका सपाट दगडावर फुटक्या नारळाची करवंटी पडली होती. हळद-कुंकू ताजे होते. कापलेले लिंबू पाण्याच्या कडेला अडकून हेलकावे खात होते.

"भानामती!" कामिल दोन पावले मागे सरला. "चला हितनं. हात लावू नगा!"

"भानामतीवाला खोबरं खातो काय रे?" संयोगिताने करवंटी उचलली. आतले खोबरे व्यवस्थित काढून घेतलेले होते. "प्रसाद वाटलाय इथं. बरीच माणसं असणार. आणि हे खाली बघ."

चिखलात एक लांब, खोल, सरळ घळ उमटली होती. शेडच्या दारापासून ती थेट पाण्यापर्यंत गेली होती. तिच्या दोन्ही बाजूंना अनवाणी पावलांची गर्दी होती.

"होडी!" तिघे एकदम म्हणाले.

मग सगळे आपोआप जुळत गेले. श्रावणात होड्यांच्या शर्यती होतात. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, पैलतीरावर, बेलवाडी. आणि गेली कित्येक वर्षे बेलवाडीची होडी मळेवाडीला हरवत आलेली. वर पाणी भरपूर होते, पण तिथे सराव केला तर बेलवाडीला दिसणार. म्हणून लपूनछपून खालच्या अंगाला. खाली पाणी उथळ. म्हणून वरचे बरगे काढायचे, होडी तरंगण्याइतके पाणी घ्यायचे, उजाडायच्या आत वल्ही मारायची आणि बरगे पुन्हा लावून घरी येऊन झोपायचे! एरवी थोडेच पाणी सोडत असणार; परवाच्या रात्री एखादा बरगा जास्त निघाला आणि पाणी बेटावर चढले.

"एवढी गुप्तता," राजवीर पोट धरून हसू लागला, "आणि नारळ फोडल्याशिवाय होडी पाण्यात घातली नाही!"

संयोगिता मात्र हसली नाही. तिला ते फोड आठवले आणि हळद आठवली.

"आमचे काका त्यात आहेत," ती म्हणाली.

चौघेही कडुलिंबाच्या सावलीत जाऊन बसले. ऊन चढत होते.

"पाटबंधारेवाल्यांस्नी सांगूया," कामिल म्हणाला.

"सांगितलं तर काकांवर केस होईल."

"मग भूत होऊन भीती घालूया!" आफशीनचे डोळे चमकले. "मी पांढरी चादर घेते!"

"नको," संयोगिता कंटाळून म्हणाली. "आत्ताच कामिलला भानामती वाटली, तेवढं पुरे. खोट्यानं घाबरवलेला माणूस चार दिवसांनी परत येतो. अंडी फुटायला अजून आठवडा तरी आहे."

"मग काकांना सरळ सांग."

"ते ऐकतील? 'तीन अंड्यांसाठी गावाची होडी थांबवायची व्हय?' असं म्हणतील." तिने डोळे मिटले. डोके जड झाले होते. मिटलेल्या डोळ्यांपुढे बंधारा आला, त्याच्या दोन टोकांना दोन गावे आली, आणि एकाएकी तिला उत्तर दिसले. "त्यांना भीती कशाची आहे? भुताची नाही. बेलवाडीनं बघण्याची! मग बेलवाडीलाच बोलावूया."

"सराव बघायला?"

"छे! पक्षी बघायला."

त्या संध्याकाळी दोन्ही गावांतल्या मोबाइलांवर राजवीरने काढलेले सुरयाचे सुरेख छायाचित्र पोहोचले. खाली मजकूर होता: 'उद्यापासून रोज पहाटे बंधाऱ्यावर पक्षिनिरीक्षण. लहानथोर सर्वांनी यावे. बेटावर उतरू नये. चहा मिळेल.' शेवटचे वाक्य कामिलचे होते. चहा कोण करणार याचा विचार त्याने केलेला नव्हता. तो त्याच्या आईने केला, आणि त्याला चांगले झापून केला.

लोक आले! पहिल्या दिवशी पोरेच होती. दुसऱ्या दिवशी बेलवाडीहून गुंडूअण्णा आले. ते त्यांच्या होडीचे सुकाणू धरणारे, मिशाळ, हसरे गृहस्थ. मळेवाडीचे पिराजी आजोबा काठी टेकत आले. उपसाबंदीने सक्तीची सुट्टी मिळालेले शेतकरी आले आणि कॅमेऱ्यातून बघण्यासाठी रांग लावू लागले.

"कुठाय अंडं? मला तर गोटंच दिसत्यात!"

"गोटा वाटतोय तेच अंडं, अण्णा!"

"मग दिसलं म्हणायचं का न्हाय म्हणायचं?"

बंधारा पहाटेपासून गजबजू लागला. बरगे जागच्या जागी राहिले. बेटावरची ओली रेघ वाळून गेली. विजयसिंहकाका रोज गर्दीच्या मागे हाताची घडी घालून उभे राहत आणि त्यांचे तोंड कडू औषध घेतल्यासारखे असे. पण बोलणार काय?

हे सगळे छान होते. परंतु यशालाही पहाटे उठावे लागते. रोज सर्वांच्या आधी पोहोचायचे, तिपाई लावायची, पोरांना बेटापासून आवरायचे, तेच उत्तर शंभर वेळा द्यायचे! संयोगिताच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे आली. राजवीर उभ्या उभ्या झोपू लागला. आफशीनचा आवाज बसला, हे मात्र काहींच्या मते वरदान होते.

मग एका दुपारी संयोगिता एकटीच बंधाऱ्यावर थांबली. सुरय भर उन्हात काहीतरी विलक्षण करतो, हे परतताना तिने रोज पाहिले होते, पण राजवीरचा त्यावर विश्वास नव्हता. बाकीचे जेवायला गेले. ती खांबाच्या अरुंद सावलीत कॅमेरा मांडीवर घेऊन बसली, आणि कधी डोळा लागला ते तिला कळले नाही.

लोखंडावर लोखंड आपटल्याच्या आवाजाने ती जागी झाली.

बंधाऱ्यावर दोन माणसे वाकली होती. एक होता आदर्श, होडीवरचा तरणा वल्हेकरी. दुसरे विजयसिंहकाका. दोघांच्या हातांत लांब आकडे होते, आणि बाकीचे गडी घाटावरून वर येताना दिसत होते. पहाट हातची गेली म्हणून त्यांनी दुपार निवडली होती. या उन्हात बेलवाडीचे चिटपाखरूही बाहेर पडणार नाही, हा त्यांचा हिशेब होता.

"काका!"

काका दचकले. "तू? हितं? ह्या उन्हात? येडी का काय तू! तुझ्या आईला काय सांगू मी?"

संयोगिताने या प्रसंगासाठी आठवडाभर एक भाषण मनात रचले होते. त्यात मुद्दे होते, उपमुद्दे होते, आणि शेवटी प्रभावी वाक्यही होते. त्यातला एक शब्दसुद्धा तिला आठवेना. तिने नुसता कॅमेरा पुढे केला.

"बरगा काढायच्या आधी एकदा बघा," ती म्हणाली. "मग काय ते करा."

काकांनी आदर्शकडे पाहिले, आकडा खांबाला टेकवला आणि कॅमेऱ्याला डोळा लावला.

बेट तव्यासारखे तापले होते. घरट्यावर बसलेला सुरय चोच उघडून धापा टाकत होता. मग तो उठला, सरळ पाण्याकडे गेला, पाण्यालगत तरंगत त्याने पोट बुडवले, आणि ओलेत्या पिसांनी परत येऊन तो अंड्यांवर बसला. पाणी अंड्यांवर ठिबकले. थोड्या वेळाने तो पुन्हा उठला.

"पाणी पितंय व्हय?" काकांनी विचारले.

"नाही. पोट भिजवतोय. अंडी उन्हानं शिजू नयेत म्हणून."

"मग सावलीत घालायची की अंडी!" आदर्श हसला.

"सावली हाय कुठं तिथं?" काका त्याच्यावर खेकसले. त्यांनी कॅमेऱ्यावरचा डोळा काढला नव्हता. "पुन्हा निघालं की गं! आत्ताच तर बसलं हुतं."

"ऊन चढल्यापासून असंच चाललंय," संयोगिता म्हणाली. "दोघं पाळीपाळीनं करतात. ऊन उतरेपर्यंत."

"रोज?"

"रोज."

काका बघत राहिले. मानेवरून घाम ओघळून त्यांच्या सदऱ्यात शिरत होता. सुरय गेला, भिजला, आला. गेला, भिजला, आला. बाकीचे वल्हेकरी जवळ येऊन उभे राहिले होते. काकांनी अखेर मान वर केली आणि स्वतःच्या तळहाताकडे पाहिले. हळद लावलेले फोड आता सुकत आले होते.

"खालची बाकीची घरटी... ती आमच्या पाण्यानं गेली का?"

संयोगिताने होकारार्थी मान हलवली.

"आदर्श, आकडा ठेव खाली."

"आन् सराव, मालक?"

"सराव!" काकांनी बेटाकडे बोट दाखवले. "सराव त्याला म्हणत्यात."

दोन दिवसांनी सकाळी, ऊन चढू लागले तरी दोन्ही गावे बंधाऱ्यावर असताना अंड्याला तडा गेला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर, एकमेकांच्या खांद्यावरून वाकून, लोकांनी तो पाहिला. ओले, ठिपकेदार, आपल्या अंगाएवढेच आश्चर्य वाटलेले एक पिल्लू कवचातून बाहेर आले आणि लगेच मान टाकून पडून राहिले.

"मेलं की काय?" कामिल घाबरला.

"दमलंय," काका म्हणाले. मग त्यांनी घसा खाकरला आणि सगळ्यांदेखत, त्या चार घरी ऐकू जाणाऱ्या आवाजात, बरगे कोणी काढले, का काढले आणि त्यापायी किती घरटी वाहून गेली, ते सांगून टाकले. शेवटी म्हणाले, "बेलवाडीपासनं लपवायचं हुतं, म्हणून केलं. चुकलं."

गुंडूअण्णांनी मिशीवर हात फिरवला.

"लपवलासा? आमच्यापासनं?" ते गदागदा हसू लागले. "अवो पावणं, रोज पहाटं नारळ फोडल्याचा आवाज पाण्यावरनं सरळ आमच्या घाटावर यायचा! आम्ही म्हणायचो, मळेवाडीवाली होडी वल्हवत्यात का नुसतंच खोबरं खात्यात!"

हसण्याचा असा कल्लोळ उठला, की बेटावरचा सुरय दचकून उडाला आणि आफशीनने बसलेल्या आवाजात सर्वांना दटावले.

पिराजी आजोबांनी काठी आपटली. "ह्या चार पोरांनी डोकं चालवलं, म्हणून ही तीन अंडी वाचली, आन् आपल्या डोक्याला वल्ह्यापलीकडं काय सुचलं न्हाय! हितनं पुढं मळेवाडीची होडी वरच्या पाण्यात, बेलवाडीच्या शेजारी. आन् पाऊस पडंपर्यंत बरग्याला हात लावायचा न्हाय. गुंडू, कबूल?"

"कबूल! पण रोजचा नारळ आमच्याबी वाट्याला पायजे."

"आता त्या पोरीला पुढं आणा," आजोबा म्हणाले. "पाठीवर शाबासकी द्यायची हाय. कुठं गेली संयोगिता?"

सगळे शोधू लागले. ती लांब गेली नव्हती. खांबाच्या सावलीत, तिपाईला डोके टेकवून, तोंड किंचित उघडे ठेवून ती गाढ झोपली होती. ऊन सरकत सरकत तिच्या पायांपर्यंत आले होते.

राजवीर तिला हलवायला वाकला, तोच काकांनी त्याचा हात धरला.

"राहू दे. शाबासकी काय नासत न्हाय," ते म्हणाले. त्यांनी डोक्यावरचा टॉवेल काढला, नदीत उतरून भिजवून पिळला, आणि परत येऊन हलक्या हाताने तिच्या पायांवर पसरला. थोड्या वेळाने टॉवेल वाळला, तेव्हा ते पुन्हा उठले.